‘तांत्रिक आहे, आमच्यावर सोडा’ म्हणणाऱ्यास

श्री. वेबसाइटवाले साहेब यांस,



तुमचं तिसरं कोटेशन पोचलं. गुळगुळीत कागद, वर आमच्या वाचनालयाचं बोधचिन्ह, खाली तुमचा शिक्का आणि मधोमध ठळक अक्षरांत एक वाक्य : "ओपन सोर्स सीएमएस वापरणार असल्याने सॉफ्टवेअरचा खर्च शून्य." वाक्य खरं आहे. त्याच्या खालच्या रकान्यात ‘वार्षिक देखभाल’ म्हणून जो आकडा आहे, त्यात आमच्या ग्रंथपाल बाईंचं काही महिन्यांचं मानधन निघेल. या देखभालीत तुम्ही नेमकं काय करणार, याबद्दल कोटेशनमध्ये अवाक्षर नाही. मागच्या दोन्ही कोटेशनांतही नव्हतं. बिल मात्र दर एप्रिलला पहिल्या आठवड्यात येतं. त्यात तुमची कधी चूक झाली नाही.

हे पत्र उघड लिहितो आहे, कारण मामला आपल्या दोघांपुरता नाही. तालुक्याच्या गावांतली वाचनालयं, शाळा, पतसंस्था, देवस्थानं, नाट्यमंडळं यांतल्या कित्येकांना तुमच्यासारखे साहेब भेटले आहेत आणि कित्येकांच्या वेबसाइटवर आज पाच-सहा वर्षांपूर्वीची ‘आगामी कार्यक्रमा’ची पत्रिका लटकलेली आहे. ती काढता येत नाही, कारण पासवर्ड साहेबांकडे असतो आणि साहेब फोन उचलत नाहीत.

पहिल्या कोटेशनच्या वेळी, 2013 साली, आमच्या खजिनदारांनी कार्यकारिणीच्या सभेत तुम्हाला एक साधा प्रश्न विचारला होता : वर्डप्रेस, जूमला, ड्रुपल अशी सीएमएसची, म्हणजे वेबसाइटवर मजकूर टाकायच्या प्रणाल्यांची, नावं कानावर येतात, त्यांतलं आमच्यासाठी कुठलं आणि का? तुम्ही हसून म्हणालात, "ते तांत्रिक आहे, आमच्यावर सोडा." इतिवृत्तात हे वाक्य जसंच्या तसं आहे. सभा पुढच्या विषयाकडे वळली. माझं सगळं भांडण त्या एका वाक्याशी आहे.

कारण खजिनदारांचा प्रश्न तांत्रिक नव्हताच. वेबसाइटवर मजकूर कोण टाकणार, कशावरून टाकणार, कुठल्या लिपीत टाकणार, आणि उद्या तुम्ही नसाल तर पुढे कोण बघणार, एवढंच त्यात विचारलं होतं. ही उत्तरं तुमच्याकडे नव्हतीच, ती आमच्याकडे होती. तुम्ही विचारलं असतंत तर सांगितली असती. मजकूर म्हणजे वाचनालयाच्या वेळा आणि सुट्ट्या, नवीन आलेली पुस्तकं, दिवाळी अंकांची योजना, व्याख्यानमालेची पत्रिका, सभासदत्वाचा अर्ज, वार्षिक अहवाल, आणि जुन्या सभासदांनी लिहून दिलेल्या वाचनालयाच्या आठवणी. मजकूर टाकणार एकटी व्यक्ती, ग्रंथपाल बाई. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही, मोबाइल आहे. त्या देवघेवीच्या टेबलावर बसून, संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आधी, मिळेल त्या पंधरा मिनिटांत लिहिणार.

आणि तुम्ही त्यांच्या हातात ड्रुपल 7 दिलंत.

ड्रुपल वाईट आहे असं मी म्हणणार नाही. बेल्जियममध्ये द्रीस बायटार्ट या विद्यार्थ्यानं ते घडवलं, जानेवारी 2001 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. ज्या संस्थेला वीस विभाग आहेत, प्रत्येक विभागाचा मजकूर वेगळ्या माणसानं लिहायचा, दुसऱ्यानं तपासायचा, तिसऱ्यानं प्रसिद्ध करायचा, तिच्यासाठी त्याच्याइतकं पक्कं साधन क्वचित असेल. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारनं आपल्या खात्यांसाठी जी सामाईक व्यवस्था उभी केली, ती ड्रुपलवरच. उद्या कुठलं विद्यापीठ मला विचारायला आलं, तर मी आधी ड्रुपलचंच नाव घेईन. पण ड्रुपल 7 मध्ये मजकुराला ठळक किंवा तिरपं करायची साधी पट्टीसुद्धा मुळात नव्हती, ती वेगळी बसवावी लागे. मुळातच असा एडिटर आला तो ड्रुपल 8 मध्ये, 2015 च्या नोव्हेंबरात. तुम्ही ती पट्टी बसवली नाहीत. आमच्या बाई दिवाळी अंकांची यादी टाकताना प्रत्येक ओळीच्या शेवटी एचटीएमएलचा टॅग हातानं लिहीत होत्या, मोबाइलवर, मराठी कीबोर्ड आणि इंग्रजी कीबोर्ड आलटूनपालटून. दोन याद्या त्यांनी अशा टाकल्या. तिसरी कागदावर लिहून फळ्यावर लावली.

त्या सभेत तुम्ही म्हणाला होतात, "सर, व्हाइट हाउसची साइट ड्रुपलवर आहे." तेव्हा होती, 2009 पासून होती. 2017 च्या अखेरीस ती वर्डप्रेसवर गेली. व्हाइट हाउसला मजकूर टाकायला पगारी माणसं आहेत, त्यांना दोन्ही चालतं. आमच्यासाठी ड्रुपल का, याचं खरं कारण मला पुढे तुमच्याच ऑफिसात काम केलेल्या एका मुलानं सांगितलं : त्या वर्षी तुमच्याकडे जे दोघं कामाला होते त्यांना तेवढंच येत होतं. मग तसं सांगायचं होतंत. "आम्हाला हे येतं, दुसरं येत नाही" हे कारण प्रामाणिक आहे, त्यावर सभेला निर्णय घेता आला असता.

आता 15 ऑक्टोबर 2014 बद्दल. ही तारीख तुमच्या ऑफिसात कुणाच्या लक्षात आहे का, ते विचारून बघा. त्या दिवशी ड्रुपलच्या सुरक्षा गटानं जाहीर केलं की ड्रुपल 7 मध्ये एक भयानक भगदाड आहे : लॉगिन न करता कुणीही परका माणूस वेबसाइटच्या डेटाबेसला हवा तो हुकूम देऊ शकतो. दुरुस्ती त्याच वेळी प्रसिद्ध झाली होती. ती मोजून एका ओळीची होती आणि ज्याला हात लावायचा त्याला पाच मिनिटांत करता येत होती. दोन आठवड्यांनी त्याच गटानं दुसरी सूचना काढली : पहिली घोषणा झाल्यापासून सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नाही, त्यांनी आपल्या साइटमध्ये कुणीतरी शिरलेलं आहे असंच धरून चालावं. भारतात ती घोषणा झाली तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. सात तास पहाटे साडेचारला संपले.

त्या रात्री तुम्ही जागायला हवं होतं असं मी म्हणत नाही. तेवढी अपेक्षा तालुक्याच्या वाचनालयानं ठेवणं अन्यायाचं होईल. पण दुसऱ्या दिवशी? त्या आठवड्यात? दिवाळी झाल्यावर? आमच्या साइटवरची आवृत्ती पुढे कित्येक महिने 2013 चीच होती, आणि ‘वार्षिक देखभाल’ आम्ही भरत होतो. होस्टिंग कंपनीनं जेव्हा आमच्या साइटवरून हजारो नको असलेल्या मेल जात असल्याचं कळवून खातं गोठवलं, तेव्हा तुम्ही बाईंना सांगितलंत, "सर्व्हर डाउन आहे." सर्व्हर चालू होता, साहेब. बंद होतं ते तुमचं काम.

जगात असं होणारे आम्ही एकटे नव्हतो. 2016 मध्ये पनामा पेपर्स फुटले, म्हणजे पनामातल्या एका कायदा कंपनीचे गोपनीय दस्तऐवज बाहेर आले, तेव्हा त्या कंपनीच्या वेबसाइटा तज्ज्ञांनी तपासल्या. ग्राहकांच्या पोर्टलवर ड्रुपलची 2013 सालची आवृत्ती चालू असल्याचं आढळलं. कागदपत्रं त्याच वाटेनं बाहेर पडली, हे काही सिद्ध झालेलं नाही. पण कोट्यधीशांचे दस्तऐवज सांभाळणाऱ्यांनी जी हयगय केली, तीच तुम्ही केलीत. त्यांच्याकडे ग्राहकांची गुपितं होती, आमच्याकडे सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर. आमच्या सभासदांना त्यांचे नंबर गुपितांइतकेच मोलाचे आहेत.

बरं, ड्रुपल 7 पासून 8 वर जाणं हे नुसतं अपडेट नव्हतं. ड्रुपल 8 आतून जवळजवळ नवंच लिहिलेलं होतं, जुनी साइट नव्यानं बांधावी लागणार होती. याचा अर्थ, 2013 साली ड्रुपल निवडताना पुढच्या काही वर्षांत दुसऱ्यांदा पूर्ण खर्च करावा लागेल ही गोष्ट त्या निवडीतच होती. ड्रुपल 7 चा आधार शेवटी 5 जानेवारी 2025 ला संपला, तोही मुदत अनेकदा वाढवून मिळाल्यावर. ज्या संस्थेचं अनुदान हप्त्याहप्त्यानं येतं, तिला हे आधी सांगणं हे तुमचं पहिलं कर्तव्य होतं.

तुम्ही 2018 मध्ये आलात ते वर्डप्रेस घेऊन. निवड योग्य होती. आमच्यासारख्या संस्थेसाठी मी आजही तेच निवडेन. जगातल्या 40 टक्क्यांहून जास्त वेबसाइटा त्यावर चालतात, म्हणून ते जाणणारा कुणी ना कुणी आमच्या तालुक्यातसुद्धा सापडतो. मोबाइलवरून बाईंना लिहिता येतं. 2013 पासूनच छोटी सुरक्षा अपडेट आपोआप होतात. योग्य गोष्ट तुम्ही हातात घेतलीत आणि मग तिचं काय केलंत?

ड्रुपलमधून मजकूर इकडे आणताना तुमच्या माणसानं डेटाबेसची प्रत चुकीच्या अक्षरसंचात काढली. मराठीचं प्रत्येक अक्षर प्रश्नचिन्ह झालं. अशी प्रश्नचिन्हं झाली की मूळ अक्षर परत येत नाही, ते तिथे उरलेलंच नसतं. जुन्या सभासदांच्या आठवणी त्यात होत्या. पानशेतच्या पुराच्या साली पुण्याहून घरी परतलेल्या आणि त्या वर्षी वाचनालयात पुस्तकं लावायला मदत केलेल्या एका आजोबांनी लिहून दिलेलं पान होतं. आजोबा आता नाहीत. त्यांच्या पानावर वरपासून खालपर्यंत प्रश्नचिन्हं होती, मधे मधे फक्त ‘1961’ हा आकडा वाचता येत होता. मी तुम्हाला फोन करून मूळ प्रत मागितली. तुम्ही म्हणालात, "बॅकअप जुन्या सर्व्हरवर होता." जुना सर्व्हर तुम्हीच बंद केला होता. इंटरनेट अर्काइव्हच्या जतन केलेल्या पानांत आम्हाला काही आठवणी सापडल्या. आजोबांचं पान सापडलं नाही. या एका गोष्टीसाठी मी तुम्हाला माफ करू शकत नाही.

मग थीम. आमच्याकडून विकतच्या थीमचे पैसे घेतलेत आणि बसवलीत ती फुकट वाटल्या जाणाऱ्या चोरट्या साइटवरची. आमच्या सभासद असलेल्या, तालुक्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकणाऱ्या एका मुलीनं ते उघडकीला आणलं. गुगलवर वाचनालयाचं नाव टाकलं की खाली जपानी अक्षरांत बूट आणि पर्सच्या जाहिराती दिसत होत्या, म्हणून तिनं फाइली तपासायला घेतल्या. थीममधली ‘फंक्शन्स डॉट पीएचपी’ ही फाइल तिनं माझ्यासमोर उघडली. पहिली ओळ कोरी दिसत होती. तिनं खालची पट्टी धरून पान उजवीकडे सरकवलं, सरकवत राहिली, आणि स्क्रीनच्या कितीतरी पलीकडे, मुद्दाम सोडलेल्या मोकळ्या जागेनंतर, अक्षरांचा एक न वाचता येणारा पट्टा सुरू झाला. बाहेरच्या कुणालाही आमच्या साइटमध्ये येण्याजाण्याची वाट त्यात होती. ही युक्ती जुनी आहे. 2014 मध्ये क्रिप्टोपीएचपी नावाचा असाच चोरदरवाजा वर्डप्रेस, जूमला आणि ड्रुपल या तिन्हींच्या चोरट्या थीम आणि प्लगइनमध्ये सापडला होता आणि त्याची भरपूर चर्चा झाली होती. तुमच्या धंद्यातल्या माणसाला हे माहीत नसणं शक्य नाही. म्हणजे माहीत असून तुम्ही ते केलंत. वर्डप्रेसच्या स्वतःच्या थीम फुकट मिळतात, स्वच्छ असतात, बहुतेक वर्षी नवी येते. वाचनालयाला तेवढी पुरते.

मराठीकडे तर तुम्ही पाहिलंच नाहीत. नमुना दाखवताना सगळीकडे लॅटिनमधला तो ठरलेला भरताड मजकूर होता, तेव्हाच मी म्हटलं होतं की आमचा एक खरा परिच्छेद टाकून दाखवा. तुम्ही म्हणालात, "युनिकोड आहे, काही प्रॉब्लेम येत नाही." आता ऐका काय येतं. वर्डप्रेस लेखाच्या मथळ्यावरून पानाचा पत्ता बनवतं आणि त्या पत्त्याला डेटाबेसमध्ये 200 अक्षरांचीच जागा आहे. देवनागरीतला एकेक वर्ण, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, पत्त्यात जाताना प्रत्येकी नऊ इंग्रजी खुणांचा होतो. म्हणजे देवनागरीचे फार तर बावीस वर्ण मावतात. बाईंनी मथळा दिला ‘वसंत व्याख्यानमाला पुष्प पहिले’. पत्ता झाला ‘वसंत-व्याख्यानमाला-पुष्प’, पुढचं ‘पहिले’ गळालं. दुसऱ्या दिवशी ‘पुष्प दुसरे’ टाकलं, त्यातलंही ‘दुसरे’ गळालं, तोच पत्ता आधी दिलेला म्हणून वर्डप्रेसनं शेवटी 2 जोडला, आणि त्या आकड्याला जागा करायला ‘प’ कापला : ‘वसंत-व्याख्यानमाला-पुष्-2’. तो दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांची खूण आणि आकडे यांची पाच-सहा ओळींची रांग उमटते. सभासदांना वाटलं व्हायरस आहे. कुणी उघडलं नाही. पाहुणे बोलायला आले त्या संध्याकाळी अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

यावर उपाय किती मोठा आहे? लेख प्रसिद्ध करण्याआधी पत्त्याच्या चौकटीत रोमन लिपीत दोन शब्द लिहायचे. बस. तो बाईंना दाखवायला तुम्हाला अर्धं मिनिट लागलं असतं. जूमलामध्ये याच जागी दुसरीच अडचण येते : युनिकोड पत्त्यांचा पर्याय चालू केला नाही तर मराठी मथळ्याच्या लेखाला पत्ता म्हणून नुसती तारीख-वेळ मिळते. म्हणजे प्रत्येक प्रणालीत मराठीचं काहीतरी बघावं लागतंच, आणि ते बघणं म्हणजेच निवड करणं. आमचा कारभार मराठीबरोबर इंग्रजीतही चालत असता, तर मी जूमलाचा विचार केला असता, कारण एकाच साइटच्या दोन भाषांतल्या आवृत्त्या सांभाळायची सोय त्याच्या मूळ रचनेत आहे. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी वेगळं प्लगइन लागतं. हे सगळं खजिनदारांना समजलं असतं. ते बँकेत होते, आकडे आणि अटी वाचायची त्यांना सवय आहे.

कॅटलॉगचंही तेच. पुस्तकांची यादी ऑनलाइन करायची गोष्ट निघाली, तेव्हा तुम्ही वेबसाइटमध्येच एक तक्ता बनवून द्यायला निघालात, वेगळं बिल लावून. ग्रंथालयासाठी कोहा नावाची ओपन सोर्स प्रणाली 2000 सालापासून आहे. न्यूझीलंडच्या ग्रामीण भागातल्या एका ग्रंथालयासाठी ती बनली आणि आपल्याकडेही कितीतरी ग्रंथालयं ती वापरतात. सीएमएसनं करायचं काम कुठे संपतं, हे सांगणं हाही सल्ल्याचाच भाग असतो.

पण माझा खरा राग याहून खोल आहे. तुम्ही ओपन सोर्सचं नाव घेऊन आमच्याकडून तेच काढून घेतलंत, जे ओपन सोर्समुळे आम्हाला मिळणार होतं.

तुम्ही ज्या प्रणाल्या विकता त्या जन्माला कशा आल्या, ते तुम्हाला ठाऊक असायला हवं. बी-टू नावाचं एक साधन होतं, ते मिशेल वाल्द्रिगी हा फ्रेंच माणूस लिहीत असे. पुढे त्याचं काम थांबलं, काही महिने त्याचा पत्ता लागेना. ते साधन वापरणारे दोघं, अमेरिकेतला मॅट मुलनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल, त्यांनी तोच कोड उचलला, पुढे नेला आणि 27 मे 2003 ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. परवाना जीपीएल होता, म्हणजे कोड कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा असा, म्हणून कुणाची परवानगी लागली नाही. जूमलाची गोष्ट तर भांडणाची आहे. माम्बो नावाची प्रणाली एका ऑस्ट्रेलियन कंपनीची. 2005 मध्ये कंपनीनं माम्बोचा कारभार ज्या पद्धतीनं एका नव्या प्रतिष्ठानाकडे नेला, ते मूळ लिहिणाऱ्यांना पटलं नाही. ते सगळे उठले, कोड बरोबर घेतला आणि सप्टेंबरात जूमला 1.0 बाहेर आणलं. नाव मागे राहिलं, काम पुढे गेलं.

एक माणूस गायब झाला तर दुसरा पुढे चालवू शकतो. मालकाशी पटलं नाही तर आपलं काम घेऊन निघता येतं. ओपन सोर्सचा अर्थ आमच्यासारख्या संस्थेसाठी हाच आहे. ‘फुकट’ हा त्यातला सगळ्यात लहान भाग. आमच्या बाबतीतही कामाच्या वेळी एक माणूस गायब झाला, तो म्हणजे तुम्ही. पुढे चालवायला ती कॉलेजची मुलगी तयार होती, कोड जीपीएलचा होता, आणि तरी काहीही करता आलं नाही. होस्टिंगचं खातं तुमच्या मेलवर. ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे. बाईंना दिलेलं खातं ‘लेखका’चं, त्यातून अपडेटचं बटणसुद्धा दिसत नाही. तिला त्या फाइली बघायला मिळाल्या त्यासुद्धा होस्टिंग कंपनीनं लेखी अर्ज घेतल्यावर. आणि डोमेन? वाचनालयाच्या नावाचं डोमेन, ज्याचे पैसे दरवर्षी आम्ही भरतो, ते नोंदलेलं आहे तुमच्या नावावर. जमीन आम्ही घेतली, घर आम्ही बांधलं, आणि सातबाऱ्यावर नाव तुमचं.

तुमच्या तिसऱ्या कोटेशनात लिहिलंय की या वेळी तुम्ही "वर्डप्रेसच्या वादांपासून सुरक्षित अशी स्वतःची प्रणाली" देणार आहात. म्हणजे ठळक वाक्यातलं ओपन सोर्स नावालाच : मूळ कुठूनतरी घेऊन वर तुमचं कुलूपबंद आवरण. वाद झाला हे खरं. सप्टेंबर 2024 मध्ये मॅट मुलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीचं जाहीर भांडण सुरू झालं, त्या कंपनीच्या ग्राहकांना वर्डप्रेसच्या मुख्य साठ्यातून येणारी अपडेट काही काळ अडवली गेली, आणि तिचं एक लोकप्रिय प्लगइन त्या साठ्यात दुसऱ्याच नावानं ताब्यात घेतलं गेलं. मलाही ते आवडलं नाही. एका माणसाच्या हातात एवढी सत्ता असणं वाईटच. पण त्या काळातही त्या साइटा चालू राहिल्या, कारण कोड ज्याच्या त्याच्या सर्व्हरवर होता. तुमच्या प्रणालीत असा वाद झाला तर आमच्या हातात काय असेल? मुलनवेगशी भांडायला निदान वकील आणि वर्तमानपत्रं होती. तुमच्याशी भांडायला आमच्याकडे हे पत्र आहे.

तेव्हा कार्यकारिणीनं एकमतानं ठरवलेलं कळवतो. तुमचं कोटेशन नामंजूर झालं आहे. नवी साइट साध्या वर्डप्रेसवर, त्याच्याच फुकट थीमवर, चारपाच प्लगइनपुरती होईल. कॉलेजच्या त्या मुलीनं ती वाचनालयाच्या नावानं घेतलेल्या होस्टिंगवर मांडायला सुरुवातही केली आहे, ठरलेल्या मानधनावर, आणि तिच्यानंतर येणाऱ्यासाठी ती सगळं एका वहीत मराठीत लिहून ठेवते आहे. पासवर्डांचं बंद पाकीट कपाटात खजिनदारांच्या सहीनं राहील. दर महिन्याला बॅकअप उतरवून तो एकदा उघडून बघायचा, हे काम बाईंनी स्वतःहून मागून घेतलं आहे.

तुमच्याकडून हवं ते एवढंच. डोमेन आमच्या नावावर वळवण्यासाठी त्याचं लॉक काढून ऑथ कोड वाचनालयाच्या मेलवर पाठवा. जुन्या साइटचा डेटाबेस आणि अपलोड केलेल्या फोटोंचा फोल्डर पूर्ण द्या, थीम तुमच्याकडेच ठेवा. थीमसाठी घेतलेले पैसे परत करा, पावती आमच्याकडे आहे. आणि 2018 च्या आधीचा कुठलाही डेटाबेस, कुठल्याही जुन्या हार्डडिस्कवर, पेन ड्राइव्हवर, तुमच्याकडून सोडून गेलेल्या एखाद्या मुलाच्या लॅपटॉपवर सापडतो का ते मनापासून शोधा. सापडला तर त्याला हात न लावता, उघडून न बघता, आहे तसा आणून द्या. त्या आजोबांच्या मुलीनं परवा पुन्हा विचारलं.

डोमेनची मुदत मार्चअखेर संपते आहे. कार्यकारिणीची सभा महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर असते. ऑथ कोड येत्या सभेपर्यंत आला नाही, तर डोमेन रजिस्ट्रारकडे आणि पोलिसांच्या सायबर शाखेकडे द्यायचे अर्ज त्याच सभेत सह्यांसाठी ठेवले जातील. दोन्ही टाइप करून तयार आहेत.

आपला,
कार्यवाह,
तुम्ही ज्याच्या नावाचं डोमेन स्वतःच्या नावावर घेतलंत ते सार्वजनिक वाचनालय